घरच्या घरी सायकल दुरुस्तीची जागा उभारायची आहे: कोणती हत्यारे आधी घ्यावीत?

वडगावकर

नमस्कार. बेळगावच्या वडगाव भागात आमचे जुने कौलारू घर आहे आणि मागच्या परड्यातील पत्र्याची शेड आता रिकामी झाली आहे. तेथे घरातील सायकलींची देखभाल आणि दुरुस्ती करता येईल अशी कायमची जागा उभारावी, असा विचार आहे. सायकली तीन प्रकारच्या आहेत. वडिलांची दांड्याच्या ब्रेकची काळी अठ्ठावीस इंची सायकल आजही रोज बाजारापर्यंत जाते. माझी एकवीस गिअरची, तारेवर चालणाऱ्या डिस्क ब्रेकची सायकल आहे. ती घेऊन मी सुटीच्या दिवशी येळ्ळूरमार्गे राजहंसगडाकडे किंवा जांबोटीच्या रस्त्याला जातो. तिसरी सायकल मुलीची, शाळेत जाण्याची, बिनगिअरची आहे.

सायकलची हत्यारे एकाच पेटीत भरून मिळतात. तशी पेटी घ्यावी, की गरजेनुसार एकेक हत्यार जमवावे, हा माझा मुख्य प्रश्न आहे. सुरुवातीला दहा हजार रुपयांपर्यंत खर्च करण्याची तयारी आहे. सायकल उचलून धरणारा स्टँड लगेच घ्यावा का, आणि आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता पत्र्याच्या शेडमध्ये हत्यारे गंजू नयेत यासाठी काय करावे, हेही जाणकारांनी कृपया सांगावे. पंक्चर काढणे आणि ब्रेकची तार बदलणे एवढे मला येते. चाकाचा आउट (डगमग) काढणे आणि छर्रे बदलणे शिकायचे आहे.

चिकोडीकर कारागीर

वडगावकर साहेब, निपाणी आणि चिकोडी या दोन्ही गावांत सायकलच्या दुकानात बरीच वर्षे काम केले असल्यामुळे थोडे सविस्तर लिहितो. हत्यारे विकत घेण्याआधी एखादी संध्याकाळ वही घेऊन तिन्ही सायकलींजवळ बसा आणि प्रत्येक भाग कोणत्या नटाने, बोल्टने किंवा पिनेने धरलेला आहे ते मापासहित लिहून काढा. तुमच्या गिअरच्या सायकलवरचे बहुतेक बोल्ट चार, पाच आणि सहा मि.मी.च्या एलन कीचे (षटकोनी चावीचे) निघतील. वडिलांच्या काळ्या सायकलला मात्र एलन कीचा काहीही उपयोग नाही. तिथे सगळे नट आहेत, त्यांतले काही इंची मापाचे असू शकतात आणि क्रँक (पॅडलचे दांडे) कॉटर पिनेने, म्हणजे पाचरीसारख्या तिरप्या पिनेने, बसवलेले असणार. ही वही तयार झाली की पेटी घ्यावी की नाही, याचे उत्तर तुमचे तुम्हालाच मिळेल.

माझे मत विचाराल, तर पेटी घेऊ नये. पेटीत हत्यारांची संख्या मोठी दिसते, परंतु काळ्या सायकलला लागणारे त्यात जवळजवळ काहीच नसते, आणि जी हत्यारे सर्वांत जास्त जोर सहन करतात त्यांचेच लोखंड स्वस्त पेटीत मऊ असते. मऊ एलन की बोल्टच्या खोबणीत फिरली की कीही जाते आणि बोल्टही जातो. त्यानंतर तो बोल्ट काढण्यासाठी जो खटाटोप करावा लागतो, त्यापुढे चांगल्या कीची किंमत काहीच नाही. एलन कीचा चांगला संच, आठ ते सतरा मि.मी.पर्यंतचे रिंग आणि उघड्या तोंडाचे पान्हे, पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर ही साधी हत्यारे नाशिकच्या टपारियासारख्या ओळखीच्या कंपनीची घ्यावीत. ती कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. खास सायकलची हत्यारे त्यानंतर, एकेक काम समोर येईल तशी घ्यावीत.

खास हत्यारांमध्ये माझ्या मते पहिला मान कोनच्या पान्ह्याचा आहे. चाकाच्या हबमधले (मधल्या तुंब्यातले) छर्रे कप आणि कोन यांच्यामध्ये फिरतात. कोनला पान्हा लावायला जी सपाट कड असते ती फार अरुंद असते, त्यामुळे साधा जाड पान्हा तिथे शिरतच नाही. त्यासाठी साधारण दोन मि.मी. जाडीचा पातळ पान्हा लागतो. पुढच्या चाकाला बहुधा तेरा आणि मागच्याला पंधरा मि.मी.चा लागतो, पण काळ्या सायकलचे माप मोजूनच घ्या. पातळ पान्ह्याने कोन स्थिर धरायचा आणि साध्या पान्ह्याने बाहेरचा लॉकनट त्यावर आवळायचा. लॉकनट आवळताना कोन थोडा आत सरकतो, म्हणून आधी किंचित ढिला ठेवून, आवळून, पुन्हा तपासावे लागते. चाक बसवल्यावर रिम बोटांनी आडवी हलवून पाहा. खेळ अजिबात जाणवता कामा नये. त्याच वेळी चाक हातात उचलून सोडले, तर केवळ व्हॉल्व्हच्या वजनाने ते हळूहळू फिरून व्हॉल्व्ह खाली आला पाहिजे. या दोन्ही गोष्टी एकत्र साधणे हीच खरी कारागिरी आहे आणि ती हातालाच शिकावी लागते. क्विक रिलीजचा एक्सल असेल, तर बाकावर अगदी नखभर खेळ ठेवावा लागतो, कारण फ्रेममध्ये बसवून आवळल्यावर तो निघून जातो.

छर्रे बदलताना सगळे एकदम बदला. जुने आणि नवे छर्रे एका कपात मिसळू नका, कारण झिजलेला छर्रा केसभर लहान असतो आणि सगळा भार नव्यांवर पडतो. पुढच्या हबमध्ये बहुतेक ३/१६ इंचाचे, तर मागच्या हबमध्ये आणि बीबीमध्ये (क्रँकचा एक्सल फिरतो त्या जागी) पाव इंचाचे छर्रे असतात. कोनवर खड्डे पडले असतील, तर नवे छर्रे घालून उपयोग नाही. कोनही बदलावा लागतो.

दुसरे हत्यार स्पोकची चावी. ही निपलच्या (स्पोकच्या टोकावरच्या नटाच्या) मापाचीच हवी. एका चकतीवर सहा-आठ खाचा असलेली गोल चावी स्वस्त मिळते, परंतु तिची खाच निपलवर सैल बसते आणि गंजलेल्या निपलचे कोपरे गोल करून टाकते. तिसरे हत्यार चेन तोडण्याचे. चेनची झीज मोजण्यासाठी मात्र वेगळे मापक घेण्याची घाई करू नका. बारा इंची पोलादी पट्टी पुरेशी आहे. नव्या चेनमध्ये चोवीस कड्यांचे अंतर पिनेच्या मध्यापासून पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर बारा इंच भरते. ते १/१६ इंचाने वाढले की चेन बदलावी. १/८ इंचाने वाढेपर्यंत थांबलात, तर मागची दातेरी चाकेही झिजलेली असतात आणि नवी चेन त्यांच्यावरून उड्या मारते.

पंप उभा, पायाने दाबून धरायचा आणि दाब दाखवणारा घ्या. काळ्या सायकलच्या जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला, ज्यात रबराची बारीक नळी असते त्याला, प्रेस्टा व्हॉल्व्हचे तोंड चालते. त्यामुळे प्रेस्टा आणि मोटारीच्या टायरसारख्या व्हॉल्व्हचे अशी दोन्ही तोंडे असलेला एकच पंप तिन्ही सायकलींना पुरेल.

उद्यमबागकर

कारागीर काकांच्या बहुतेक मतांशी मी सहमत आहे, पण क्रमाबद्दल थोडा मतभेद आहे. मी उद्यमबागेत (बेळगावच्या औद्योगिक वसाहतीत) मशीन शॉपमध्ये काम करतो आणि माझ्या मते पहिली खरेदी बाकावरच्या व्हाइसची (वस्तू घट्ट धरणाऱ्या शिकंज्याची) असावी. चार इंची जबड्याचा, खाली भक्कम आधार असलेला व्हाइस आला की निम्मी खास हत्यारे सोपी होतात. मागच्या चाकाचे फ्रीव्हील (हबवर आट्यांनी बसवलेला दातेरी चाकांचा संच) काढायचे उदाहरण घ्या. फ्रीव्हील पॅडलच्या जोराने रोज आवळत जाते, त्यामुळे लांब पान्ह्यानेही ते पुष्कळदा हलत नाही. फ्रीव्हील काढायचा दातेरी तुकडा व्हाइसमध्ये घट्ट धरा, त्यावर चाक आडवे ठेवा, आणि दोन्ही हातांनी रिम धरून गाडीच्या स्टिअरिंगसारखी डावीकडे फिरवा. रिमचा व्यासच तुमचा दांडा होतो. मात्र तुकडा खाचेतून सुटू नये म्हणून एक्सलच्या नटाने किंवा क्विक रिलीजने तो आधी हलकेच धरून ठेवावा, आणि फ्रीव्हील सुटल्याबरोबर तो नट सैल करावा.

व्हाइस मात्र टेबलाच्या मधल्या भागावर बसवू नका. तो टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे हातोडीचा घाव सरळ जमिनीत जाईल. टेबलासाठी जुन्या दाराची जाड फळी उत्तम. आमच्या भागात जुनी घरे पाडली जातात तेव्हा असे सागवानी किंवा फणसाचे लाकूड वखारीत मिळते.

सायकलच्या स्टँडवर आताच पैसे घालू नयेत. शेडच्या आडव्या पाइपला दोन दोऱ्या बांधा. एक सीटच्या पुढच्या टोकाला आणि दुसरी हँडलला. सायकल छातीच्या उंचीला लटकते, दोन्ही चाके मोकळी फिरतात आणि गिअर जुळवण्याचे काम आरामात होते. जोर लावायची कामे, म्हणजे पॅडल किंवा क्रँक काढणे, सायकल जमिनीवर उभी असतानाच करावीत. पुढे कधी स्टँड घेतलात, तर त्याचा चिमटा फ्रेमच्या पातळ नळीवर न लावता सीटच्या दांड्यावर लावा.

हेडसेटचे (हँडल फिरते त्या बेअरिंगचे) कप दाबून बसवण्याचे तयार हत्यार महाग असते. त्याऐवजी बारा मि.मी.चा पूर्ण आट्याचा लांब स्टड, दोन नट आणि जाड वॉशर घेतले की काम होते, फक्त कप सुरुवातीपासून सरळ जातो आहे ना, हे दर अर्ध्या फेऱ्याला पाहावे लागते. क्रँक ओढण्याचे हत्यार मात्र घरी बनवण्याच्या फंदात पडू नका, ते विकतच घ्या. चौकोनी एक्सलच्या क्रँकला बावीस मि.मी.चे बारीक आटे असतात. हत्यार त्या आट्यांत शेवटपर्यंत हाताने बसवल्याशिवाय मधला स्क्रू आवळला, तर ॲल्युमिनियमचे आटे उपटून येतात आणि क्रँक वाया जातो. त्याआधी मधला बोल्ट काढला आहे आणि त्याखालचा वॉशर आत राहिलेला नाही, याची खात्री करा.

आणखी दोन गोष्टी नव्याने काम करणाऱ्याने भिंतीवर लिहून ठेवाव्यात. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात, आणि इंग्रजी पद्धतीच्या बीबीमध्ये उजव्या बाजूच्या कपाचे आटे उलटे असतात. दोन्ही ठिकाणी सवयीने जोर लावला, तर सुटण्याऐवजी अधिक आवळले जाते.

टॉर्क रेंचबद्दल (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्ह्याबद्दल) विचारले नाहीत, तरी लिहितो. हँडल धरणाऱ्या स्टेमच्या बोल्टांना साधारण पाच न्यूटन मीटर एवढाच जोर हवा असतो, आणि चौकोनी एक्सलच्या क्रँकच्या बोल्टला पस्तीस ते पन्नास. इतका फरक हाताच्या अंदाजाने सांभाळणे नवख्याला कठीण जाते. सगळ्या बोल्टांना तो लागत नाही, पण छोट्या मापाचा एक रेंच दुसऱ्या टप्प्यात जरूर घ्यावा. भागावर जोराचा आकडा छापलेला असेल, तर तोच पाळावा.

खानापूरचे गुरुजी

मी खानापूर तालुक्यातील शाळेत शिकवतो. कर्नाटक राज्य शासनाच्या योजनेतून २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली मिळू लागल्या, तेव्हापासून शाळेच्या आवारात सायकलींची संख्या एकदम वाढली आणि दुरुस्तीचा प्रश्नही समोर आला. त्या अनुभवावरून पाऊस, माती आणि गंज यांविषयीच लिहितो. हत्यारांविषयी वर दोघांनी उत्तम लिहिले आहे.

जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला पाऊस प्रचंड, आणि रस्त्यावर येते ती जांभ्याची लाल माती. तेल लावलेल्या चेनवर ही माती बसली की तिचा घासकागद होतो आणि चेन, दातेरी चाके आणि ब्रेकचे पॅड पावसाळ्यात इतर दिवसांपेक्षा पुष्कळ लवकर झिजतात. पावसातून आल्यावर दुचाकी धुण्याच्या जोरदार फवाऱ्याखाली सायकल कधीही धरू नये, कारण ते पाणी हबच्या आणि बीबीच्या आत शिरते, ग्रीस बाहेर काढते आणि छर्रे आतून गंजतात. बादलीभर पाणी, जुना ब्रश आणि कोरडे फडके एवढे पुरे. रॉकेल आता सहज मिळत नाही, म्हणून चेन धुण्यासाठी डिझेल वापरले तरी चालते, मात्र ते मोकळ्या हवेत, आगीपासून दूर आणि चेन काढून वेगळ्या भांड्यात वापरावे. तुमच्या सायकलला डिस्क ब्रेक असल्यामुळे हे फार महत्त्वाचे आहे. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा एक थेंब गेला, तरी ब्रेक धरत नाही आणि किंचाळू लागतो. तेलाचा फवारा उडवणारी बाटली म्हणूनच मी सायकलजवळ आणू देत नाही. चेनच्या प्रत्येक रोलरवर एकेक थेंब सोडावा, पॅडल उलटे फिरवून तेल आत मुरू द्यावे आणि बाहेरचे तेल फडक्याने पूर्ण पुसून घ्यावे. तेलाची गरज आतल्या पिनेला असते. बाहेर राहिलेले तेल फक्त माती गोळा करते.

पत्र्याच्या शेडमध्ये पावसाळी पहाटे पत्र्याच्या आतल्या बाजूला दव साचते. हत्यारे थेट पत्र्यावर खिळ्यांना अडकवली, तर आठवडाभरात तांबूस होतात. पत्र्यापासून दोन बोटे अंतर ठेवून लाकडी फळी उभी करा, हवा मागून खेळू द्या आणि त्या फळीवर हत्यारे लावा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत नेहमी न लागणारी हत्यारे तेलाच्या फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. मोजण्याची पट्टी आणि व्हर्नियर तर घरातच ठेवा.

चाकाचा आउट काढायला शिकायचे आहे असे तुम्ही लिहिले आहे. मुलांना शिकवताना मी वेगळा स्टँड वापरत नाही. चाक फ्रेममध्येच ठेवून फॉर्कच्या दोन्ही बाजूंना प्लास्टिकची बंधने आवळतो आणि त्यांची टोके रिमच्या अगदी जवळ येतील अशी कापतो. चाक फिरवले की कुठे घासते ते दिसते आणि ऐकूही येते. रिम डावीकडे गेली असेल, तर त्या जागचे उजव्या बाजूचे स्पोक थोडे आवळायचे आणि डावीकडचे तेवढेच सैल करायचे, पण एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही. त्याआधी निपलच्या आट्यांत तेलाचा थेंब सोडून थोडा वेळ थांबावे. मुलांना हे फार लवकर जमते, मुलींना तर विशेष, कारण त्या पाव फेऱ्याचा नियम नेमका पाळतात. तुमच्या मुलीलाही सुरुवातीपासून सोबत घ्या. तिची सायकल तिलाच उघडू द्या.

वडगावकर

कारागीर काका, गुरुजी आणि उद्यमबागकर दादा, तिघांचेही मनापासून आभार. पेटी न घेण्याचे ठरले आहे आणि काकांनी सांगितल्याप्रमाणे वही लिहायला घेतली आहे. त्यात दोन ठिकाणी अडलो. माझ्या सायकलच्या मागच्या चाकावर सात दातेरी चाके आहेत, पण ते फ्रीव्हील आहे की कॅसेट (हबवर सरकवून लॉकरिंगने धरलेला संच) हे ओळखता येत नाही, आणि त्यावर कोणता तुकडा घ्यायचा ते अवलंबून आहे. दुसरे म्हणजे, वडिलांच्या सायकलचा डावा क्रँक प्रत्येक फेऱ्यात एकदा टक् असा आवाज करून किंचित सरकतो. ती कॉटर पीन घरी बदलता येईल का?

चिकोडीकर कारागीर

चाक काढून हातात धरा आणि दातेरी चाके मागच्या दिशेला, म्हणजे करकर आवाज येतो त्या दिशेला फिरवा. मधोमध हत्यार बसण्याची दातेरी खोबणी दिसते, तिच्याकडे लक्ष ठेवा. ती चाकांबरोबर फिरली, तर कॅसेट आहे. ती जागच्या जागी राहिली आणि फक्त चाके फिरली, तर फ्रीव्हील आहे. फ्रीव्हील असेल, तर त्या खोबणीत बसणारा तुकडा आणि व्हाइस एवढ्यावर काम होईल. कॅसेट असेल, तर लॉकरिंगचा तुकडा आणि दातेरी चाके फिरू नयेत म्हणून धरायला साखळीचा दांडा, अशी दोन हत्यारे लागतील. यांतला साखळीचा दांडा जुनी चेन आणि लोखंडी पट्टी यांपासून घरीही करता येतो, आणि उद्यमबागकरांना ते सांगायला नको.

कॉटर पीन घरी निश्चित बदलता येते, पण योग्य आधाराशिवाय हातोडी मारू नका. क्रँकखाली, पिनेच्या डोक्याभोवती, जमिनीपर्यंत पोहोचणारा जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा करा, म्हणजे घावाचा जोर बीबीच्या छर्ऱ्यांवर न जाता पाइपमधून जमिनीत जाईल. नट पूर्ण काढू नका. तो पिनेच्या टोकाशी समपातळीत येईल इतका सैल करा, म्हणजे आटे वाचतील. मग जड हातोडीचा एकच नेमका घाव द्या. हलक्या हातोडीने वारंवार ठोकले, तर पिनेचे टोक चेपते आणि ती आणखी अडकते. हलली नाही, तर तेल सोडून रात्रभर तसेच ठेवा.

नवी पीन घेताना जुनी दुकानात सोबत न्या. आपल्याकडच्या सायकलींत बहुतेक साडेनऊ मि.मी.ची असते, परंतु नऊची पीनही भेटते आणि डोळ्याला फरक दिसत नाही. पिनेची तिरपी सपाट बाजू एक्सलच्या खाचेवर पूर्ण टेकली पाहिजे. ती व्हाइसमध्ये धरून बारीक कानशीने घासा, पण उतार बदलू देऊ नका. घातल्यावर दोन-चार घाव देऊन मगच नट आवळा, कारण पीन बसवण्याचे काम हातोडीचे आहे आणि नट तिला फक्त धरून ठेवतो. दोन्ही बाजूंच्या पिना एकमेकींच्या उलट दिशेने जातात. एका क्रँकचा नट मागे असेल, तर त्याच वेळी दुसऱ्याचा पुढे असला पाहिजे, नाहीतर दोन्ही पॅडल एका रेषेत येत नाहीत. बसवल्यानंतर वडिलांना बाजारापर्यंत एक फेरी मारून येऊ द्या आणि परत आल्यावर पिनेला पुन्हा एक-दोन घाव देऊन नट आवळा. तेवढे झाल्यावरही टक् आवाज राहिला, तर पीन पुन्हा न बदलता एक्सलची खाच झिजली आहे का ते पाहा. तसे असेल, तर एक्सलच बदलावा लागेल.